गारगोटीच्या मृत्यूची फेरतपासणी

शनिवारी संध्याकाळी सात वाजून बेचाळीस मिनिटांनी माझी बायको मारली गेली. वार एकच झाला. मारणारा लोखंडी चिलखतातला पहारेकरी जागच्या जागी उभा राहिला आणि बायको ‘बरं’ म्हणून दूध तापवायला आत निघून गेली.

तपशील असा. आमची मुलगी दुसऱ्या शहरात राहते आणि खेळ तयार करते. सध्याचा खेळ कागद, फासे आणि बोलणं एवढ्यावरच चालतो. एक काल्पनिक प्रदेश आहे, तिथे लोखंडाचे किल्ले आहेत, रानात टोळ्या आहेत. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, ते काय करतंय ते सांगायचं आणि मग ते जमलं की नाही हे फाशांनी ठरवायचं. बाकीचे सगळे, म्हणजे पहारेकरी, राजे, लांडगे, हे मुलगी एकटी वठवते. खेळाचं पुस्तक छापायला जाण्याआधी नियम घासूनपुसून बघायला माणसं लागतात. आईवडील हाताशी असतातच. त्यामुळे गेले अकरा शनिवार, सहा ते आठ, फोन टेबलावर उभा करून आम्ही दोघं त्या प्रदेशात असतो.

मी दूत आहे. अकरा शनिवारांत नऊ लढायांमधून मी पळून आलो आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. चौतीस वर्षं एका दैनिकात काढल्यावर बातमी घेऊन जिवंत परत येण्याचं मोल माणसाला कळतं. बायकोने मात्र गारगोटी नावाची रानातली म्हातारी घेतली. हातात दगडी कुऱ्हाड, अंगावर कापडाच्या थरांचं चिलखत. पहिल्या शनिवारी मला वाटलं, ही पंधरा मिनिटांत कंटाळेल.

एक गोष्ट कुठेतरी सांगावीच लागेल, तर इथेच सांगून टाकतो. मुलगी आधी एका मोठ्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. बायको एकतीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होती, तिला मुलीच्या त्या नोकरीचा फार अभिमान होता. दोन वर्षांपूर्वी मुलीने ती नोकरी सोडून खेळ करायला घेतले, तेव्हा बायको एकच वाक्य बोलली: “हे काही काम नव्हे.” मुलगीही एकच वाक्य बोलली, ते मी इथे देत नाही. तेव्हापासून दोघींचं फोनवरचं संभाषण ‘जेवलीस का’ आणि ‘हो’ एवढं उरलं होतं. मी वेळ मोजून पाहिली आहे. सरासरी चाळीस सेकंद.

पण गारगोटी बोलायची. चौथ्या शनिवारी ती किल्ल्याच्या दाराशी गेली आणि तिथल्या द्वारपाल पोरीला म्हणाली, “या लोखंडाच्या घरात तुला थंडी नाही वाजत?” द्वारपाल पोर म्हणजे अर्थातच आमची मुलगी. ती म्हणाली, “वाजते कधीकधी. सवय होते.” त्यावर गारगोटीने तिला आग पेटवायला शिकवलं, त्यात पाऊण तास गेला आणि माझा दूत तोवर एका झाडाखाली बसून होता. मी तक्रार केली नाही.

तर ती गारगोटी मेली. कारण पुस्तकाच्या एक्केचाळिसाव्या पानावर नियम होता: धातूपुढे दगड, हाड, लाकूड आणि कापड निष्प्रभ. पहारेकऱ्याचा फासा पडला आणि मुलगी म्हणाली, “गारगोटी पडली.”

रविवारी सकाळी मी बायकोला विचारलं, नवीन पात्र घेणार का.

“कशाला? संपला माझा खेळ,” ती म्हणाली. “नियम आहे तर आहे.”

तिने फासे एका रिकाम्या डबीत घालून डबी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली. ती फळी आमच्याकडे परत न लागणाऱ्या वस्तूंची आहे.

मी गच्चीवर जाऊन मुलीला फोन लावला. नियम चुकीचा असण्याची शक्यता आहे, असं मी तिच्या निदर्शनास आणून दिलं.

“दुरुस्ती छापायची आहे का, बाबा?”

“हो.”

“मग तुमचाच नियम. दोन स्वतंत्र साक्षीदार आणि एक कागद. शनिवारी दुपारी बारापर्यंत. संध्याकाळी पुस्तक छपाईला जातंय.”

हा नियम मी तिला ती आठ वर्षांची असताना सांगितला होता, शेजारच्यांच्या मांजराबद्दल. माणसाने मुलांना काय शिकवावं याचा नीट विचार करायला हवा.

सोमवारी मी कुऱ्हाड केली. बागेच्या कडेला लावलेल्या दगडांतला एक धारदार दगड उचलला, झाडूचा दांडा घेतला आणि दोन्ही कपडे वाळत घालायच्या दोरीने आवळून बांधले. बायको भाजी निवडता निवडता बघत होती. हे काय चाललंय, असं तिने विचारलं. निवृत्तीनंतर छंद असावा, असं मी मोघम उत्तर दिलं.

“गारगोटीच्या रानात नायलॉन मिळतं?” एवढंच म्हणून ती आत गेली. तिला त्या वेळी कितपत कळलं होतं, याबद्दल माझ्याकडे खात्रीलायक माहिती नाही.

मी नायलॉन सोडलं आणि माझा जुना चामडी पट्टा भिजवून त्याने दगड बांधला. मग गॅलरीत पाण्याच्या पिंपाचं पत्र्याचं झाकण उभं केलं, पायात योग्य अंतर ठेवलं आणि पहिला घाव घातला. दांडा झाकणावर आपटला. दगड तिथे नव्हता. तो खालच्या मजल्यावर डेंटिस्टबाईंच्या दवाखान्याबाहेर एका मोठ्या कुंडीत सापडला. कुंडी दोन भागांत सापडली.

डेंटिस्टबाई दगड हातात घेऊन वर आल्या. मी क्षमा मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी सवयीने आधी माझ्या तोंडात पाहिलं.

“उजवीकडची दाढ दाखवून जा एकदा,” त्या म्हणाल्या. “आणि हा दगड माझ्या पेशंटच्या डोक्यापासून एवढ्याच अंतरावर पडलाय.” त्यांनी दाखवलेलं अंतर मी डोळ्यांनी मोजलं, साधारण दोन फूट होतं. मी सगळी हकिगत सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “पण पत्र्याच्या आतल्या माणसाला किती लागलं, हे कसं मोजणार?” हा प्रश्न मला सुचला नव्हता, हे मी त्यांना कळू दिलं नाही.

संध्याकाळी इमारतीचे सेक्रेटरी आले. त्यांच्या हातात नोटीस होती आणि तिच्यात ‘गॅलरीतून अश्मप्रक्षेपण’ असा शब्द होता. मी चौतीस वर्षं प्रती तपासल्या आहेत, तो शब्द चांगला आहे. त्यांनी गच्ची वापरायची असेल तर अर्ज द्या, असं सुचवलं. मी तिथल्या तिथे अर्ज लिहिला. ‘उपक्रमाचे स्वरूप’ या रकान्यात मी ‘युद्ध, मर्यादित’ असं लिहिलं. त्यांनी ते खोडून ‘व्यायाम’ लिहिलं, कारण युद्धासाठी सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. शेवटी व्यायामालाही लागते असं निघालं, आणि सभा पुढल्या महिन्यात होती.

“पण एक सांगू का,” जाताना ते म्हणाले, “दगड पुढे जड हवा आणि मागे निमुळता. मी लहानपणी केली होती. माझी उडाली नव्हती.” सल्ला द्यायचा आणि परवानगी नाकारायची, ही दोन्ही कामं एका वेळी करणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत नव्हतो.

साक्षीदार मिळतील, पण कागदाचं काय? मंगळवारी मी चाचणी कार्यालयात गेलो. तिथे वस्तू तपासून शिक्क्यानिशी दाखला देतात. तीन नंबरच्या टेबलावरच्या कारकुनाने अर्ज पुढे ओढला.

“वस्तू?”

“कुऱ्हाड. दगडी.”

“बांधकाम साहित्य का शेतीचं अवजार?”

“हत्यार.”

त्याने पेन खाली ठेवलं. “तपासणी कशासाठी हवीय?”

“एका मृत्यूची फेरतपासणी करायची आहे.”

“मयत तुमच्या कोण?”

“पत्नी.”

कारकून उठला. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं, शेजारच्या टेबलावरचा पंखा माझ्याकडे वळवला. “असं एकट्याने फिरू नका हो,” तो हळू आवाजात म्हणाला. त्यावर पत्नी घरी असून मला साडेबाराला जेवायला बोलावलं आहे, हे सांगणं मला भाग पडलं. सांगून झाल्यावर पंखा मूळ जागी गेला. मला ‘खेळणी, वय तीन वर्षांवरील’ हा फॉर्म मिळाला. त्यात कुऱ्हाडीचा कोणता भाग बालकाकडून गिळला जाऊ शकतो, असा प्रश्न होता. तज्ज्ञ रजेवर होते. पुढच्या महिन्याच्या वीस तारखेनंतर चौकशी करायची होती.

बुधवारी मी आमच्या गल्लीच्या टोकाच्या डेंटिंगवाल्याकडे गेलो. ठोकरलेल्या गाड्यांचे पत्रे तो सरळ करतो. अर्धा दिवस त्याच्याकडे हातोड्याचा आवाज असतो, त्यामुळे माझ्या आवाजाने कोणाचं बिघडणार नव्हतं. मी त्याला एका मोडक्या दरवाज्यावर घाव घालू द्यायची विनंती केली. त्याने कुऱ्हाड हातात घेऊन बघितली आणि तो हसला नाही. याची मी कृतज्ञतेने नोंद करतो.

“याने पत्रा कापायचा नाही, साहेब.”

“एकदा बघू तरी.”

“बघा की. पण कापायचा नाही. पत्रा बसेल.” त्याने एका गाडीचा आत दबलेला दरवाजा थोपटला. “हा बघा. कुठे फाटलाय? कुठेच नाही. पण आत बसला होता ना, त्याच्या तीन बरगड्या मोडल्या. तीस वर्षं हेच बघतोय. पत्र्याला काही होत नाही, आतल्याला होतं.”

मला हर्ष झाला. आमच्या धंद्यात हर्ष झाला की माणूस घाई करतो.

मोठ्या समारंभाची बातमी समारंभाआधीच लिहून ठेवायची, आकड्यांच्या जागा मोकळ्या ठेवायच्या आणि ऐन वेळी भरायच्या, ही आमची जुनी सवय. चाचणी शुक्रवारी ठरली होती. गुरुवारी दुपारी मी अहवाल लिहून काढला: ‘शुक्रवारी झालेल्या चाचणीत दगडी कुऱ्हाडीचा प्रभाव निर्विवादपणे सिद्ध झाला. पत्रा … मिलिमीटर आत गेला. उपस्थितांनी समाधान व्यक्त केले.’ तो फोनवर कसा दिसतो हे पाहण्यासाठी मी तो स्वतःलाच पाठवला. प्रत्यक्षात तो घरच्या ग्रुपवर गेला.

दोन मिनिटांत मुलीचं उत्तर आलं. “बाबा, आज गुरुवार आहे.”

लगेच दुसरं. “उपस्थितांचं समाधान उद्यापर्यंत झाकून ठेवा.”

चौतीस वर्षांत मला तीनदा दुरुस्ती छापावी लागली होती. ही चौथी, आणि ती पोटच्या पोरीने काढली. मी खुर्चीत बसून राहिलो. ग्रुपमध्ये बायकोही आहे, हे मला तिची चप्पल दाराशी थांबल्यावर आठवलं. ती उभ्याउभ्या फोन वाचत होती.

“हे सगळं गारगोटीसाठी?”

“नियमासाठी,” मी म्हणालो. “नियम तपासलाच पाहिजे. कोणाचाही असो.”

तिने चप्पल काढली. मग समोर बसली. “कुऱ्हाड किती उंचीवरून सोडणार होतात?”

“सोडणार नव्हतो. जोर लावून मारणार होतो.”

“किती जोर?”

“पुरेसा.”

तिने डोळे मिटले. एकतीस वर्षांत मुलांनी तिला दिलेली असली सगळी उत्तरं तिच्या चेहऱ्यावरून सरकत गेली. “हातावर विश्वास ठेवायचा नाही,” ती म्हणाली. “हात आपल्या बाजूला झुकतो. कुऱ्हाड टांगायची. दर वेळी तेवढीच मागे न्यायची आणि सोडायची. दहा वेळा. आणि निम्मीच चाचणी का? गारगोटीच्या अंगावर चिलखत होतं, त्याचं काय?”

चिलखतासाठी मी पाहुण्यांची चादर ठरवली होती. ते मी सांगितलं.

“नवी आहे ती. रानातल्या म्हातारीकडे नवं कापड कुठलं?”

ती आत गेली आणि कपाटाच्या वरच्या फळीवरून एक गाठोडं काढून आली. त्यात तिचे शाळेतले पांढरे कोट होते. सहा. कोपरांवर विरलेले, आम्लाने भोकं पडलेले, सगळे इस्त्री करून ठेवलेले. हे तिने ठेवले आहेत, हे मला माहीतच नव्हतं. एका घरात अडतीस वर्षं राहून बातमीदाराला एवढंही ठाऊक नसावं, ही गोष्ट मला लागली.

“अगं, हे नको.”

“एका कोटातून तीन थर निघतात. अठरा होतील.” तिने कात्री घेतली. “खळ करा. गुठळ्या होऊ देऊ नका.”

मी खळ शिजवली. गुठळ्या झाल्या, त्या तिने गाळल्या. एकेक थर खळीत बुडवून ती दुसऱ्यावर बसवत होती. तिसऱ्या कोटाच्या खिशाखाली मोठा जांभळा डाग होता. तिथे कात्री जरा थांबली.

“सात वर्षांची होती,” बायको म्हणाली. “शाळा सुटल्यावर माझ्या टेबलाखाली बसायची. बाटली उघडून बघितली हिने. मी रागावले, तर म्हणते, आई, मी प्रयोग करत होते.” मग तिने तो खिसा तसाच ठेवून कापलं.

शुक्रवारी दहा वाजता आम्ही डेंटिंगवाल्याकडे जमलो. इंजिन उचलायच्या साखळीला कुऱ्हाड टांगली. समोर गाडीचा पत्रा, पत्र्यामागे डेंटिस्टबाईंनी आणलेला गुलाबी लगदा. दातांचे साचे घ्यायला हाच वापरतात. पत्रा आत दबला की लगद्यात ठसा उमटेल आणि घट्ट झाल्यावर तो मोजता येईल. सेक्रेटरीही आले होते. आपण इथे अधिकृतपणे नाही, असं त्यांनी सगळ्यांना दोनदा सांगितलं. तेवढ्यात कुऱ्हाडीचा दगड पट्ट्यातून निसटू लागला. त्यांनी पुढे होऊन तो काढला, उलटा फिरवला आणि परत बांधला. तो पुढे दहाही घावांत उडाला नाही. हे मान्य करताना मला त्रास होतो.

बायको खडूने रेघ मारून उभी होती. “मागे. आणखी. बास. सोडा.” डेंटिंगवाला सोडत होता. एकदाही पत्रा फाटला नाही. दहा ठसे उमटले, सरासरी अकरा मिलिमीटर खोल.

डेंटिस्टबाईंनी एका ठशात करंगळी घालून पाहिली. “हे जबड्यावर बसलं असतं तर माझं चार महिन्यांचं काम होतं,” त्या म्हणाल्या. “निष्प्रभ कोण म्हणतं?”

मग उलट बाजू. साखळीला डेंटिंगवाल्याची लोखंडी छिन्नी, भाल्याच्या टोकासारखी घासलेली. समोर अठरा थर. पहिला घाव तेराव्या थरापर्यंत गेला. दुसरा बाराव्या. सातवा पंधराव्या. मी प्रत्येक घावाला मनातल्या मनात त्या पहारेकऱ्याचं नाव घेत होतो. आठवा सतराव्या थरात अडकला आणि सेक्रेटरींनी टाळी वाजवली. नववा घाव आरपार गेला.

सगळे जवळ गेले. बायकोने वरचे थर थोडे उचलून पाहिले. छिन्नी खिशाच्या शिवणीवर बसली होती. जांभळ्या डागाच्या खिशाच्या.

“तो शिवणीवर बसला,” मी म्हणालो. “अपवाद आहे. नऊच घाव धरू.”

“दहा ठरले होते.”

“अगं, पण हा एक वगळला तर गारगोटी जिवंत आहे.”

“आणि लिहिला तर?”

“तर दहातून एकदा मेली.”

“मग तेच लिहायचं,” बायको म्हणाली. “ती माझ्या हाताखालीच शिकलीय सगळं. वगळलेला आकडा तिला लगेच दिसेल.”

दहावा घाव अकराव्या थरावर थांबला.

कागद तिने स्वतः लिहिला, शाळेच्या प्रयोगवहीत लिहितात तसा. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण. खाली डेंटिस्टबाई आणि डेंटिंगवाला यांच्या सह्या. तिसरी सही करायला सेक्रेटरी अनधिकृतपणे तयार होते, पण जागा उरली नव्हती. ‘अनुमान’ या शब्दापुढे बायकोने काहीच लिहिलं नाही.

“हे राहिलं,” मी म्हणालो.

“ते तिने काढायचं.”

शनिवारी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी मी कागद आणि सगळ्या थरांचे फोटो पाठवले. माझ्याकडून एक शब्दही जोडला नाही. अकरा बावन्नला ग्रुपवर मुलीचा प्रश्न आला, तो मला नव्हता.

“आई, थर नऊ. तो खिसा. तो कोट कापलास?”

बायकोने चष्मा लावून एका बोटाने उत्तर लिहिलं. “हो. तिथेच आरपार गेलं. बाकी ठिकाणी टिकलं.”

त्यानंतर काही आलं नाही. बारा वाजले, एक वाजला. दुपारभर मी फोन सुरू आहे ना हे पाहत होतो. बायकोने कुऱ्हाडीवरची माती पुसून ती दाराशी छत्रीशेजारी उभी करून ठेवली. जेवताना तिने भाजीत मीठ दोनदा घातलं. मी खाल्ली.

पाच वाजून अडतीस मिनिटांनी फोन वाजला. माझा नव्हे, टेबलावर उभा करतो तोही नव्हे. बायकोचा. ती तो घेऊन आतल्या खोलीत गेली आणि तिने दार लोटलं. चाळीस सेकंद झाले. मी घड्याळाकडे पाहत होतो. पाच मिनिटं झाली.

सहाला खेळ सुरू व्हायचा. मी टेबलाशी माझ्या दूताचा कागद घेऊन बसलो. समोर कोणी नव्हतं. वीस मिनिटांनी दाराआड बायकोचा आवाज चढला आणि मी अर्धवट उठलो, पण तो भांडणाचा नव्हता. ती साखळी कुठून बांधायची ते समजावून सांगत होती. मग ती हसली. नंतर नाक ओढल्याचा आवाज आला. तो कोणत्या बाजूचा होता, हे बंद दारातून नक्की सांगता येत नाही.

पावणेसातला दार किलकिलं झालं. ती फोन कानाशी धरूनच बाहेर आली, स्टुलावर चढली, वरच्या फळीवरची डबी काढली आणि खाली उतरली.

“गारगोटीचं काय?” मी ओठांनीच विचारलं.

तिने हातानेच ‘थांबा’ केलं आणि दार पुन्हा लोटलं. डबीत फासे वाजल्याचं मी ऐकलं. ते टाकले गेले की नुसते हलले, हे माहीत नाही.

आता सात वाजून बेचाळीस मिनिटं झाली आहेत. एक्केचाळिसाव्या पानाबद्दल अधिकृत काही कळलेलं नाही. पुस्तक छपाईला गेलं की थांबलं, हेही समजलेलं नाही. दार बंद आहे, आत बोलणं चालू आहे. दूध मी तापायला ठेवलं आहे.